पाऊस सरला, विमानं बाहेर: वाचकांचे प्रश्न

चवथ आटोपली की या सदराकडे रिमोटवरच्या विमानांची पत्रं वाढू लागतात. पावसाळाभर घरात बसून विमानं बांधलेली असतात आणि भातकापणी होऊन शेतं मोकळी होण्याची सगळे वाट पाहत असतात. यंदा आलेल्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून इथे घेतले आहेत. पत्रं वाचताना एक जाणवलं. बहुतेकांना मोटर बदलायची आहे आणि बहुतेकांचा दोष मोटरमध्ये नाही.

मी अकरावीत आहे. पहिलं विमान स्वतः बांधायचंय, पैसे बेताचेच आहेत. किट घेऊ की फोम कापून करू? मापं द्याल का? (एक विद्यार्थिनी, साखळी)

कापूनच कर. किटचा पंख मोडला तर नवा येईपर्यंत दोन आठवडे जातात. स्वतः कापलेला पंख त्याच संध्याकाळी पुन्हा तयार होतो, आणि पहिल्या महिन्यात तो दोन-तीनदा तरी करावा लागणार हे धरून चाल.

दोन्ही बाजूंना कागद असलेला ५ मिमी फोम बोर्ड किंवा ५ मिमी बायोफोम घे. पाट्या करणाऱ्यांकडचं सनबोर्ड घेऊ नकोस. दिसायला तेच, पण ते पीव्हीसीचं असतं आणि कितीतरी जड असतं. गोंदासाठी कमी तापमानाची ग्लू गन वापर. साधा सुपरग्लू आणि सॉल्व्हंटचा पिवळा गोंद उघडा फोम खाऊन टाकतात.

पंख वरच्या बाजूला असलेलं, तीन चॅनेलचं, म्हणजे रिमोटवरून तीन गोष्टी चालवता येणारं विमान कर: मोटर, एलिव्हेटर (आडव्या शेपटीची हलती पट्टी, नाक वर-खाली करते), रडर (उभ्या शेपटीची, नाक डावी-उजवीकडे वळवते). पंखाची लांबी १२०० मिमी, रुंदी २०० मिमी, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर. शीट पुढच्या काठावर दुमडायचं. आत, पुढच्या काठापासून ६० मिमीवर, १० मिमी उंचीची फोमची पट्टी उभी करायची आणि तिच्यावरून वरचं शीट ओढून मागे चिकटवायचं. पट्टीला लागून बांबूची चपटी कांब किंवा ६ मिमी कार्बन नळी मधल्या ६०० मिमीपर्यंत घाल. नरकासुराचा सांगाडा बांधणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: ताण येतो तो मधोमध, टोकांना नाही. कांब दोन्ही बाजूंना सारखी वाकवून घे, म्हणजे प्रत्येक टोक मध्यापेक्षा ५० मिमी वर राहील. ही उचल नसेल तर नुसत्या रडरवर विमान वळत नाही, आडवं घसरत जातं. कार्बन नळी घेतलीस तर मात्र ती मधोमध तोडून, आत वाकवलेली ॲल्युमिनियमची सळी घालून जोडावी लागेल.

नाक पंखाच्या पुढे २०० मिमी. पंखाच्या मागच्या काठापासून शेपटीच्या आडव्या पट्टीपर्यंत ४२० मिमी. आडवी पट्टी ४२० बाय १२०, तिच्यातली मागची ४० मिमी एलिव्हेटर. उभी शेपूट १५० बाय १६०, रडर ५० मिमी. पंख बसवताना त्याचा पुढचा काठ मागच्यापेक्षा ७ मिमी वर हवा. आडवी पट्टी मात्र अगदी सपाट.

मोटर ए२२१२, १००० केव्ही (केव्ही म्हणजे काय ते पुढे येतं). प्रॉप, म्हणजे मोटरवरचा पंखा, १० बाय ४.५ (व्यास आणि पिच, इंचांत). ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, ३० अँपिअर. बॅटरी तीन सेलची, २२०० एमएएच. एलिव्हेटर आणि रडर हलवायला ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो, म्हणजे छोट्या मोटरी. सगळं मिळून ७०० ग्रॅमच्या आत आलं पाहिजे. त्या वजनाला वेग ताशी साधारण २४ किमीपर्यंत उतरला तरी हे विमान हवेत टिकतं. तेच १ किलोचं झालं तर २९ च्या खाली आलं की पडतं. शिकणाऱ्याच्या हातात हे पाच किलोमीटर फार मोठे असतात. म्हणून रंग नको. रंगीत चिकटपट्टीच्या दोन रेघा पुरतात: वरून एक रंग, खालून दुसरा, म्हणजे विमान कुठल्या कुशीवर आहे ते लांबून कळतं.

शेवटचं एक. रडरचा सर्व्हो रिसीव्हरच्या (विमानात रिमोटचा संदेश घेणाऱ्या पेटीच्या) पहिल्या, म्हणजे एलेरॉनच्या (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या) चॅनेलला लाव. वळणं उजव्या काठीवर येतात आणि पुढे चार चॅनेलचं विमान हाती घेतलंस की हात नव्याने शिकवावा लागत नाही. एलिव्हेटर वर-खाली १२ मिमी हलू दे, रडर २० मिमी, दोन्हीला एक्स्पो (काठी मधोमध असताना हालचाल मऊ करणारी रिमोटमधली सोय) ३० टक्के. आणि ही सगळी जुळणी करताना मोटरवर प्रॉप नको.

हातातून सोडल्याबरोबर विमान नाक वर करतं, थांबतं आणि कोसळतं. तीनदा झालं. मोटर कमी पडते का? (डिचोली)

नाही. शेपूट जड आहे. मोटर वाढवलीत तर हेच थोड्या अधिक उंचीवरून होईल.

वर दिलेल्यासारख्या सरळ, २०० मिमी रुंदीच्या पंखाला सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधणारा बिंदू, पुढच्या काठापासून ५० ते ६० मिमीवर हवा. बॅटरी आत ठेवून, पंखाखाली दोन्ही बाजूंना त्या खुणेवर एकेक बोट लावून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट झुकली तर विमान सोडायचं नाही, कितीही वारा छान असो. नाकजड विमान वाईट उडतं. शेपूटजड विमान एकदाच उडतं.

आता शिसं शोधायच्या आधी हिशोब करा. समजा विमान ७०० ग्रॅमचं आहे आणि सीजी २० मिमी मागे आहे. ७०० गुणिले २० म्हणजे १४,०००. बॅटरी १८० ग्रॅमची. १४,००० भागिले १८० म्हणजे ७८. बॅटरी ७८ मिमी पुढे सरकवली की काम झालं, एक ग्रॅमही वाढला नाही. नाकात तेवढी जागा नसेल तर सर्व्हो पुढे घ्या आणि पुशरॉड (सर्व्होपासून शेपटीपर्यंतची तार) लांब करा. शिसं सगळ्यात शेवटी.

शेपटीकडे वजन का वाढलं हेही बघा. तिथला हात लांब असल्यामुळे शेपटीतल्या १० ग्रॅमला नाकात साधारण २५ ग्रॅम द्यावे लागतात. तुम्ही पत्रात लिहिलंय की पावसात शेपटीचा कागद सुटायला लागला म्हणून दोनदा पॉलिश मारलं आणि वर ग्लूचे थर दिले. तिथेच आहे ते. सुटलेला कागद सोलून टाका आणि पारदर्शक चिकटपट्टी लावा.

दुकानात सांगितलं की केव्ही जास्त तर ताकद जास्त. २२०० केव्हीची ए२२१२ घेतली, १० बाय ४.५ चा प्रॉप होताच. वीस सेकंदांत ईएससीतून धूर आला. ईएससी खराब होता का? (फोंडा)

चांगला होता, म्हणूनच वीस सेकंद तग धरून राहिला.

केव्ही हा ताकदीचा आकडा नाही. भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, एवढंच तो सांगतो. तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर १००० केव्हीची मोटर ११,१०० फेऱ्यांकडे धावते, २२०० ची २४,००० च्या वर. प्रॉप फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते: फेरे दुप्पट, शक्ती आठपट. मोटर तेवढे फेरे गाठत नाही, पण गाठायच्या धडपडीत प्रवाह ओढते. तो प्रवाह ३० अँपिअरच्या ईएससीच्या कितीतरी पुढे जातो. २२०० केव्हीला ६ इंची प्रॉप लागतो. तो लहान, हलक्या आणि वेगवान विमानांसाठी. तुमच्या १२०० मिमी पंखाच्या विमानाला हळू फिरणारा मोठा प्रॉपच हवा.

व्यासाचंही असंच. ९ इंचाऐवजी १० इंची प्रॉप लावला तर त्याच फेऱ्यांना दीडपटीहून अधिक शक्ती लागते. त्यामुळे ‘एक इंचाने काय होतंय’ असं म्हणू नये. वॉटमीटर घ्या, बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये जोडा, विमान घट्ट धरून पूर्ण थ्रॉटल (मोटरचा जोर) दहा सेकंद द्या. १००० केव्ही, तीन सेल, १० बाय ४.५ या जोडीला १५ ते १७ अँपिअर दिसायला हवेत. शिकाऊ विमानाला किलोमागे १५० ते २०० वॉट पुरतात. तुमच्या ७०० ग्रॅमला १४० वॉट म्हणजे भरपूर, आणि ही जोडी त्याहून थोडं जास्तच देते.

थ्रॉटल वाढवला की विमान डावीकडे वळतं. ट्रिम देऊन (रिमोटवरून रडर किंचित एका बाजूला ठेवून) सरळ केलं तर थ्रॉटल कमी केल्यावर उजवीकडे जातं. (कुंकळ्ळी)

मग ट्रिमने ते कधीच सुटणार नाही. मोटर उजवीकडे २ ते ३ अंश आणि खाली २ ते ३ अंश वळवून बसवावी लागते. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा प्रॉप विमानाला उलट, म्हणजे डावीकडे कलंडवतो, आणि त्याची गोल फिरत मागे जाणारी हवा उभ्या शेपटीवर डावीकडून आपटून नाक डावीकडे ढकलते. मोटरच्या माउंटच्या डाव्या दोन स्क्रूंखाली १ मिमीची वॉशर घाला. स्क्रूंमधलं अंतर ३० मिमी असेल तर २ अंश मिळतात. खालच्या कोनासाठी वॉशर वरच्या स्क्रूंखाली. डावं-उजवं विमानाच्या मागे उभं राहून ठरवायचं, समोरून नव्हे. इथे पुष्कळजण चुकतात आणि मग ‘वॉशर घालून वाढलंच’ असं पत्र येतं.

आधी पंखाचा पीळही तपासा. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला पंख हमखास पिळतो. मागून, डोळा पंखाच्या उंचीला आणून बघा: दोन्ही टोकांचा मागचा काठ सारखा दिसला पाहिजे. पिळलेला असेल तर उलट दिशेने वाकवून धरा आणि हेअर ड्रायरची ऊब द्या. जवळून नको, फोम आकसतो.

चार सर्व्होंचं विमान. हवेत तीन-चार मिनिटांनी क्षणभर सगळंच थांबतं, मग परत येतं. रिमोट बदलला तरी तेच. (मडगाव)

रिमोटचा दोष नाही, रिसीव्हरला वीज पुरत नाही. स्वस्त ३० अँपिअर ईएससीतला बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) लिनियर जातीचा असतो: ५ व्होल्ट, २ अँपिअर असं लिहिलेलं असतं, पण ११ व्होल्टांतले वरचे ६ व्होल्ट तो नुसती उष्णता करून घालवतो. सर्व्होंनी १ अँपिअर ओढला की ६ वॉट उष्णता, तीही बंद पोटात. तीन-चार मिनिटांत तो तापतो आणि स्वतःला बंद करतो. व्होल्टेज पडलं की रिसीव्हर पुन्हा सुरू होतो. तेच तुमचं ‘क्षणभर’.

स्विचिंग जातीचा, म्हणजे कमी तापणारा, वेगळा ३ अँपिअरचा बीईसी लावा आणि ईएससीच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी मधली लाल पिन काढून तिला चिकटपट्टी गुंडाळा. दोन्ही बीईसी एकत्र जोडलेले नकोत. नाकात हवा आत येण्यासाठी आणि मागे, आतल्याहून मोठं, बाहेर जाण्यासाठी भोक ठेवा. अडकणारा सर्व्होही शोधा. खाऱ्या हवेत पुशरॉडची तार गंजते, नळीत घासते आणि सर्व्हो नुसता गुरगुरत प्रवाह ओढत राहतो. स्टीलची सायकल स्पोक वापरली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

रिमोट चुकून बंद झाला तर मोटर चालूच राहते. हे असंच असतं का? (केपे)

असं असता कामा नये. रिमोटचा संपर्क तुटला की मोटर थांबवणारा फेलसेफ लावलेला नाही. प्रॉप काढा, रिमोटच्या मेनूत फेलसेफमध्ये थ्रॉटल शून्यावर साठवा, मग रिमोट बंद करून पाहा. मोटर थांबलीच पाहिजे. थांबत नसेल तोवर विमान घराबाहेर नेऊ नका.

जूनमध्ये लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवल्या होत्या. आता फुगल्या आहेत. थोड्याशाच फुगल्यात, वापरू का? फेकायच्या तर कशा? (म्हापसा)

वापरू नका. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर असतो. त्या अवस्थेत महिनोन्‌महिने, तेही उष्ण कपाटात, ठेवला की आतलं द्रावण विघटित होऊन वायू धरतो. फुगलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. थ्रॉटल दिला की तो तापतो, आणखी फुगतो.

पुढच्या खेपेला ठेवताना प्रत्येक सेल ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणा. तीन सेलची बॅटरी मिळून ११.४ ते ११.५५. चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ असतं ते हेच. आजचा दिवस उडवणं रद्द झालं तर भरलेल्या बॅटऱ्या त्याच रात्री खाली आणायच्या. उडवताना सेल विश्रांतीला ३.५ च्या खाली जाऊ देऊ नका. २२०० एमएएचला आरंभी टायमर ८ मिनिटांचा लावा आणि उतरल्यावर मोजून वाढवा. चार्जिंग २.२ अँपिअरने, बॅलन्स तार (सगळे सेल सारखे भरणारी) लावूनच, आणि समोर बसून. खाली फरशी किंवा चिरा हवा. लाकडी टेबल नको, गादी तर नकोच. शेजारी कोरड्या रेतीची बालदी.

फुगलेली बॅटरी कापलेली नसेल, गरम नसेल, तर ती मोकळ्या अंगणात, घरापासून लांब, गाडीच्या १२ व्होल्ट २१ वॉटच्या दिव्याला जोडून पूर्ण रिती करा. दिवा विझल्यावरही रात्रभर तसाच जोडून ठेवा. मग तारा एकेक करून कापा. दोन्ही एकदम कात्रीत आल्या आणि आत काही शिल्लक असेल तर ठिणगी उडते. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात कनेक्टर गंजून जातो आणि सेल अर्धा भरलेलाच राहतो. ओल्या कचऱ्याच्या बालदीत टाकणं तर कचरा उचलणाऱ्याच्या जिवाशी खेळ.

गोव्यात उडवायचं कुठे? परवाना लागतो का? (पेडण्याहून दोन पत्रं, ताळगावहून एक)

‘ड्रोन नियम, २०२१’ खाली ही विमानंही येतात. वजनावरून वर्ग पडतात: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, त्यापुढे २५ किलोपर्यंत स्मॉल. आपली बहुतेक विमानं मायक्रो. मायक्रो विमान धंद्यासाठी नसेल तर चालकाचा परवाना लागत नाही. परवाना नको म्हणजे नोंदणीही नको, असं मात्र समजू नका. तो वेगळा नियम आहे.

जागेचं गणित गोव्यात अवघड आहे, कारण एवढ्याशा राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि दाबोळी तर नौदलाचा तळ. विमानतळाच्या कुंपणापासून ८ किमीच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मोकळीक, त्यापलीकडच्या हिरव्या, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या भागात ४०० फुटांपर्यंत. त्यामुळे पेडणे आणि धारगळच्या वाचकांनो, मोपा सुरू झाल्यापासून तुमची जुनी मैदानं गेली असं समजा. तेच वास्को, चिखली, बोगमाळोचं. ताळगावच्या वाचकाने नकाशावर कुंपणापासून अंतर मोजावं, आणि मोजूनही शहरात उडवू नये. राजभवन, विधानसभा, नौदलाची इतर ठिकाणं यांच्या आसपास तर विचारही नको. निघण्यापूर्वी सरकारी डिजिटल स्काय नकाशावर त्या दिवशीचा रंग पाहणं, एवढी सवय लावून घ्या.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांत हिरवा भाग सापडतो. कापणी झालेलं शेत उत्तम, पण वायंगण शेती (भाताचं दुसरं पीक) होणार असेल तर डिसेंबरपासून ते पुन्हा पाण्याखाली जातं. मालकाला विचारूनच मेरेवर पाय ठेवा. किमान १५० बाय ८० मीटर मोकळी जागा, कडेला माड आणि विजेच्या तारा नाहीत, गुरं नाहीत. गवताळ सडाही चालतो, पण उघड्या दगडावर पोट टेकवून उतरवलं तर फोम किसून निघतो. पोटाखाली जाड चिकटपट्टी लावा. घार जवळ घिरट्या घालू लागली तर थ्रॉटल कमी करा आणि उतरा. आकाश तिचं आहे.

समुद्रकिनाऱ्यावर का नको? जागा तर भरपूर असते. (काणकोण)

माणसं. त्यांच्याशिवाय दोन कारणं. किनाऱ्याच्या रेतीत बारीक काळे चुंबकी कण असतात. ब्रशलेस मोटरच्या चुंबकांना ते चिकटतात आणि कॉइलचं लाखेचं आवरण खरवडतात. कॉम्प्रेसरच्या हवेने निघत नाहीत, चिकणमातीच्या गोळीने किंवा चिकटपट्टीने टिपून काढावे लागतात. दुसरं, वारा. सकाळी साडेसहा ते नऊ हवा जवळजवळ स्थिर असते. दुपारपासून समुद्राकडून वारा वाढत जातो, आणि ७०० ग्रॅमचं विमान जमिनीच्या दिशेने माडांत घुसतं. किनाऱ्यालगतच्या गावांत, आत शेतात उडवतानाही हीच वेळ पाळा.

बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय बघून आलो. मुलाला सी हॉकचं उडणारं मॉडेल करायचंय. एक वर्ष ट्रेनर उडवतोय तो. जमेल? (वाळपई)

सी हॉक पुढच्या वर्षी. ते जेट, म्हणजे आत डक्टेड फॅन (नळीत बसवलेला पंखा) आला, आणि सी हॉकची हवा पंखांच्या मुळाशी दोन बाजूंनी आत जाते आणि दोन बाजूंनीच बाहेर येते. दुभंगलेली नळी फोममध्ये गुळगुळीत जमवणं फार कठीण, आणि जमली नाही तर फॅनचा निम्मा जोर तिथेच जातो. शिवाय हातातून सोडताना वेग कमी असला की डक्टेड फॅन सावरत नाही.

त्याच अंगणात ब्रेगे अलिझे उभं आहे. ते करा. नाकावर प्रॉप, सरळ पंख, मोठी शेपूट. विमान उडायला जे जे लागतं ते मूळ आकारातच आहे. खऱ्या पंखाची लांबी १५.६ मीटर. १३ ने भागलं की बरोबर १२०० मिमी, म्हणजे ट्रेनरचीच मोटर, ईएससी आणि बॅटरी चालते. क्षेत्रफळ २१ चौरस डेसिमीटरच्या आसपास येतं. वजन ८५० ग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नका. पंख खाली असल्यामुळे एलेरॉन हवेत आणि टोकं दोन्हीकडे ४० मिमी उचला. मुळात चार पात्यांचा प्रॉप आहे. जमिनीवर दाखवायला तो वेगळा करा, उडवताना दोन पात्यांचाच लावा.

पंख टोकाकडे निमुळता होतो, तेव्हा तिथे तो आधी स्टॉल होऊ नये (हवेची पकड सुटू नये) म्हणून दोन्ही टोकांचा मागचा काठ ३ मिमी वर पिळून चिकटवा. पंखांतून पुढे आलेल्या दोन फुगीर शेंगांत मूळ विमानाची चाकं दुमडून जातात. तुम्ही चाकं दुमडायच्या भानगडीत पडू नका. त्या शेंगांत प्लायवूडचा तुकडा बसवून ३ मिमी तारेचे पाय घट्ट करा. शेतात उतरताना सगळा धक्का तिथेच येतो, त्यामुळे प्लायवूड कांबेपर्यंत गेलेलं हवं, नुसतं फोमला चिकटवलेलं नको. त्या शेंगा सीजीच्या पुढे असल्याने पायांचं वजनही नाकाच्या बाजूला पडतं, तेवढं शिसं वाचतं.